गेटपाशी घोडा का अडतो?

वरातीतली घोडी बँडच्या दणदणाटात, फटाक्यांच्या धुरात आणि नाचणाऱ्या गर्दीत तासभर मुकाट चालते. रेसकोर्सवर मात्र कधी कधी उलटे दृश्य दिसते. उत्तम वंशावळीचा, महिनोन्महिने शिकवून तयार केलेला घोडा पॅडॉकमध्ये ऐटीत फिरतो, जॉकीला पाठीवर घेऊन स्टार्टपर्यंत हलक्या चालीने जातो आणि स्टार्टिंग गेटच्या कप्प्यापासून दोन पावलांवर थिजून उभा राहतो. पुढून ओढले की मान वर फेकतो, मागून ढकलले की मागेच रेटतो, फारच झाले तर मागच्या पायांवर उभा राहतो. पाहणारे म्हणतात, माजलाय, हट्टी आहे. पण हाच घोडा दिवसाचा बहुतेक वेळ तबेल्यातल्या चार भिंतींच्या आत काढतो. तिथे तो निवांत गवत खातो, झोपतोही. बंद जागा त्याला नवी नाही, धावणे त्याला नवे नाही, माणसेही रोजचीच आहेत. मग नेमके घोडे पेंड कुठे खाते?

या कोड्याचे उत्तर घोड्याच्या स्वभावात शोधण्याची आपल्याला सवय आहे. खरे उत्तर त्याच्या डोळ्यांत, कातडीत, स्मरणशक्तीत आणि त्याहून जास्त माणसाच्या हातांत सापडते. अडलेल्या घोड्याला जोर लावून आत घालणे दुष्टपणाचे आहे, एवढेच म्हणून हा विषय संपत नाही. जोर लावण्याची पद्धत तिच्या स्वतःच्या हिशेबानेही तोट्याची आहे, कारण ती घोड्याला नेमका उलटा धडा शिकवते. म्हणून गेटपाशी घोड्याला कसे वागवले याचा निवाडा ‘आज तो आत गेला का’ या प्रश्नाने करता येत नाही. पुढच्या वेळी तो गेटकडे कसा येतो, यावरून तो करावा लागतो.

गेट आले कशासाठी?

शर्यतीच्या सुरुवातीचे वाद शर्यतीइतकेच जुने आहेत. एकेकाळी निशाण खाली आले की घोडे सुटत. पुढे आडवी दोरी किंवा पट्टी वर उडवून सुरुवात होऊ लागली. दोन्ही पद्धतींत एखादा घोडा पुढे सरकलेला, एखादा पाठमोरा फिरलेला असा गोंधळ असायचा आणि सगळे एका रेषेत येईपर्यंत खोळंबा व्हायचा. अडथळ्यांवरून उड्या मारण्याच्या शर्यती आजही दोरीमागून सुटतात. त्या पद्धतीत काय होऊ शकते हे इंग्लंडमधल्या १९९३ च्या ग्रँड नॅशनलमध्ये दिसले. सुरुवात फसली, परत बोलावल्याची खूण अनेकांना कळलीच नाही, ३९ पैकी ३० जॉकी पुढे निघून गेले आणि अखेर ती शर्यत रद्द ठरली.

सपाट मैदानावरच्या शर्यतींसाठी यावर उपाय निघाला तो कप्प्यांच्या गेटचा. क्ले प्युएट या अमेरिकी माणसाने तयार केलेले विजेवर चालणारे गेट १९३९ मध्ये कॅनडात, व्हँकुव्हरजवळच्या लॅन्सडाउन पार्कवर पहिल्यांदा वापरले गेले आणि थोड्याच काळात अमेरिकेत सर्वत्र पसरले. ब्रिटनने मात्र वेळ घेतला; तिथे न्यूमार्केटवर गेट आले ते १९६५ मध्ये. यंत्र साधे आहे. प्रत्येक कप्प्याची पुढची दारे विद्युतचुंबकाने धरून ठेवलेली असतात. शर्यत सुरू करणाऱ्या अधिकाऱ्याने, म्हणजे स्टार्टरने, कळ दाबली की वीज तुटते, चुंबकाची पकड सुटते आणि स्प्रिंगच्या जोराने सगळी दारे एकाच क्षणी उघडतात. सर्वांना सारखी सुरुवात मिळते, पैसे लावणाऱ्यांची तक्रार मिटते. पण या न्यायाची किंमत घोडा मोजतो. एका चिंचोळ्या जागेत स्वतःहून शिरणे, मागचे दार बंद होऊ देणे, शेजारी घोडे धडपडत असताना स्थिर उभे राहणे आणि मग एका क्षणात पूर्ण ताकदीने बाहेर झेपावणे, या चार गोष्टी त्याला लागोपाठ कराव्या लागतात. पहिल्या तीन गोष्टी त्याच्या उपजत वृत्तीच्या सरळ विरोधात आहेत.

घोड्याच्या नजरेतून कप्पा

घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ सभोवतालचे दिसते. मात्र दोन जागा त्याच्या नजरेतून सुटतात. एक कपाळाच्या अगदी समोर आणि नाकाखाली, दुसरी थेट पाठीमागे. गेटपाशी नेमका याच दोन जागांशी त्याचा संबंध येतो. समोरचे बंद दार जवळ येता येता दिसेनासे होते आणि मागे न दिसणाऱ्या ठिकाणी माणसे उभी राहून रेटू लागतात. त्यात उन्हातून सावलीच्या जागी जाताना घोड्याच्या डोळ्यांना सरावायला माणसापेक्षा जास्त वेळ लागतो. आपल्याला जो कप्पा स्वच्छ दिसतो, तो त्याला त्या क्षणी अंधारी फट वाटू शकतो. तबेल्याची खोली आणि हा कप्पा यांत फरक आहे तो इथे. खोलीत तो वळू शकतो, दारातून बाहेर पाहू शकतो, मागे भिंत आहे हे जाणतो. कप्पा जेमतेम त्याच्या अंगाएवढा असतो. जॉकीचे गुडघेही बाजूच्या फळ्यांना लागतील इतका.

दुसरी गोष्ट स्पर्शाची. अंगावर बसलेली एक माशी घोड्याला कळते आणि तेवढ्याच जागेची कातडी थरथरवून तो तिला उडवतो. अशा कातडीला दोन्ही बरगड्यांवर एकदम काहीतरी घासले तर काय होत असेल? अनेक गेटांत कप्प्याच्या आतल्या बाजूला माणसांना पाय ठेवण्यासाठी पट्टी बाहेर आलेली असते. आत जाताना ती पट्टी कुशीला किंवा मांडीला लागते आणि काही घोडे दचकतात ते केवळ त्यामुळे. अमेरिकी अश्वशिक्षक माँटी रॉबर्ट्स यांनी नेमके हेच हेरले आणि जाड पांघरुणाचा उपाय काढला. पांघरूण मागच्या धडावर घातले की पट्टीचा स्पर्श बोथट होतो. त्याची दोरी गेटला अडकवलेली असते, त्यामुळे घोडा बाहेर झेपावला की पांघरूण मागेच राहते. ‘हट्टी’ ठरलेला घोडा इतक्या साध्या कापडाने शांत आत जात असेल, तर त्याला हट्टी म्हणणारे निदानच चुकले होते.

तिसरी गोष्ट आवाजाची आणि सोबतीची. लोखंडी दारांचे खणखणणे, शेजारच्या घोड्याने फळीवर मारलेली लाथ आणि काही देशांत गेट उघडताना वाजणारी कर्कश घंटा हे सगळे एकाच जागी, एकाच वेळी येते. कळपातला प्राणी शेजाऱ्याची भीती लगेच उचलतो. माणसाची भीतीही त्याच्यापर्यंत पोचते. स्वीडनमध्ये लिंडा कीलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याबाबत बोलका आहे. माणसांना ठरावीक वाटेवरून घोडा न्यायचा होता. चौथ्या फेरीत वाटेत एक छत्री अचानक उघडली जाईल, असे त्यांना सांगितले गेले. प्रत्यक्षात छत्री उघडलीच नाही. तरी त्या फेरीत माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्यांच्यासोबतच्या घोड्यांचेही वाढले. घोड्यांना छत्रीबद्दल कोणी काही सांगितले नव्हते. त्यांच्यापर्यंत पोचले ते माणसाचे ताठरलेपण. गेटपाशी घाईत असलेली पाच-सहा माणसे घोड्याभोवती गोळा होतात, तेव्हा घोडा काय वाचत असेल याचा अंदाज यावरून करता येतो.

याखेरीज एक शक्यता नेहमी आधी तपासावी लागते, ती म्हणजे दुखणे. शर्यतीच्या घोड्यांमध्ये जठरातले व्रण फार मोठ्या प्रमाणावर आढळतात. पाठीचे, दातांचे, पायांचे दुखणे वेगळेच. गेटनंतर येणारी प्रत्येक धाव वेदनेची असेल, तर गेट त्या वेदनेची आगाऊ सूचना बनते. अशा घोड्याला शिकवण्याआधी पशुवैद्याने तपासले पाहिजे.

जोर लावला की घोडा काय शिकतो?

आता मुख्य मुद्दा. घोड्याला शिकवण्याची जगभरची रीत मुख्यतः दाब देणे आणि सोडणे यावर चालते. औताला नवा बैल शिकवणारा शेतकरी कासरा ओढतो, बैल वळला की लगेच सैल सोडतो. बैल शिकतो ते कासरा ओढल्यामुळे नाही, सैल सुटल्यामुळे. ज्या क्षणी दाब थांबला त्या क्षणी आपण काय करत होतो, हे जनावर लक्षात ठेवते आणि पुढच्या वेळी तेच करते. लगाम, टाच, दोरी सगळ्यांचे गणित हेच आहे.

हे गणित गेटपाशी लावून पाहू. घोडा अडतो. पुढून एक जण दोरी ओढतो, मागून दोघे हात गुंफून रेटतात. घोडा मागच्या पायांवर उभा राहतो, माणसे जीव वाचवायला बाजूला होतात, दाब सुटतो. त्या क्षणी घोड्याने काय शिकावे? मागच्या पायांवर उभे राहिले की सुटका होते, हेच. पुन्हा घेराव, पुन्हा तेच आणि धडा पक्का होत जातो. उलट घोडा बिचकत एक पाऊल पुढे टाकतो, तेव्हा घाईतली माणसे ‘चला, निघाला’ म्हणून अधिक जोराने ढकलतात. म्हणजे योग्य पावलाला शिक्षा आणि चुकीच्या उसळीला बक्षीस. हे कोणी मुद्दाम करत नाही, पण घोड्याच्या दृष्टीने नियम असाच ठरतो. शेवटी दहा माणसांच्या बळापुढे तो आत जातोही. तेव्हा गेट म्हणजे घुसमट आणि मार, ही जोडणी त्याच्या मनात घट्ट झालेली असते. घोड्याची स्मृती किती लांबची आहे हे कॅलिफोर्नियात एव्हलिन हँगी यांच्या प्रयोगांत दिसले. शिकलेले भेद आणि संकल्पना घोड्यांना मधल्या काळात सराव नसतानाही अनेक वर्षांनी आठवत होत्या. चांगले लक्षात राहते, तसे वाईटही.

जोराच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी होतो. भीतीचा सामना करायला लावला की भीती मोडते, एकदा आत गेला की त्याला कळेल घाबरण्यासारखे काही नाही, असा तो युक्तिवाद. हा दावा तपासता येतो आणि डेन्मार्कमध्ये यान्ने विंथर क्रिस्टेन्सन यांच्या गटाने तो तपासला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन वर्षांच्या २७ तरुण घोड्यांना हलणाऱ्या पांढऱ्या नायलॉनच्या पिशवीची सवय लावायची होती. एका गटाला पिशवीचा पूर्ण अनुभव एकदम दिला. दुसऱ्या गटाला तोच अनुभव लहान लहान पायऱ्यांनी दिला. तिसऱ्या गटात पिशवीची सांगड खाण्याशी घातली. पायऱ्यांनी शिकलेले घोडे सर्वांत कमी वेळा उधळले, त्यांना कमी सत्रे लागली आणि त्या गटातले सगळेच्या सगळे शेवटी सरावले. बाकीच्या दोन गटांत काही घोडे अखेरपर्यंत सरावले नाहीत. याच अभ्यासातली आणखी एक नोंद महत्त्वाची आहे. वरून शांत झालेल्या घोड्यांच्या हृदयाचे ठोके मात्र अजून चढ-उतार दाखवत होते. म्हणजे उधळणे थांबले याचा अर्थ भीती संपली असा होत नाही. वरातीतल्या मुकाट घोडीबद्दलही हाच प्रश्न विचारायला हवा. ती सरावली आहे की तिने सुटकेची आशा सोडली आहे, हे नुसत्या पाहण्याने कळत नाही.

बळाच्या साधनांमध्येही सगळी सारखी नाहीत. वरच्या ओठाला दोरीची कडी घालून पिळण्याच्या साधनाला ट्विच म्हणतात. डच संशोधकांनी १९८४ मध्ये दाखवले की या पिळामुळे घोड्याच्या शरीरात वेदना कमी करणारी नैसर्गिक द्रव्ये वाढतात. पण २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याची मर्यादाही दिसली. ओठाच्या ट्विचने पहिली काही मिनिटे ठोके मंदावतात, वेळ लांबला की ताण वाढू लागतो. कान पिळून धरला तर ताण सुरुवातीपासूनच वाढतो. कान धरून घोड्याला गेटात घालणे म्हणजे आजचे एक मिनिट वाचवून त्याच्या डोक्याला हात लावू न देणारा घोडा तयार करणे.

दोन घोड्यांची उदाहरणे

अमेरिकेचा वॉर अॅडमिरल हा घोडा १९३७ मध्ये तिथल्या तीन मोठ्या शर्यती जिंकून तिहेरी मुकुटाचा मानकरी झाला. पण गेटशी, म्हणजे प्युएट यांच्या गेटाआधीच्या जुन्या गेटांशी, त्याचे हाडवैर होते. त्याच्यामुळे शर्यती खोळंबायच्या. त्याच वर्षीच्या बेलमाँट स्टेक्समध्ये तर सुरुवातीलाच त्याने स्वतःचा खूर फाडून घेतला आणि त्या अवस्थेत जिंकला. १ नोव्हेंबर १९३८ रोजी पिमलिको इथे सीबिस्किट या घोड्याशी त्याची बहुचर्चित दुहेरी शर्यत झाली, तेव्हा वॉर अॅडमिरलच्या मालकाच्या आग्रहावरून गेट वापरलेच नाही. दोन्ही घोडे चालत रेषेपर्यंत यावेत आणि घंटा वाजताच सुटावेत असे ठरले. सीबिस्किटचे ट्रेनर टॉम स्मिथ यांनी आधीचे दिवस घंटेचा सराव करून घेतला होता. घंटा वाजली की झेपावायचे, हे घोड्याच्या अंगात मुरले होते. सुटण्याच्या क्षणी वॉर अॅडमिरल जास्त वेगवान मानला जात होता, पण घंटेवर आधी सुटला तो सीबिस्किट आणि चार लांबींनी जिंकलाही. यातून दोन गोष्टी निघतात. सर्वोच्च दर्जाचा घोडाही गेटला घाबरू शकतो, तेव्हा अडणे हे हलक्या जातीचे लक्षण मानता येत नाही. आणि सुरुवात ही शिकवता येणारी कला आहे, जिचा अभ्यास शर्यतीच्या आधी, शांतपणे करायचा असतो.

दुसरा घोडा जर्मनीचा लोमिटास. १९९१ मध्ये तीन वर्षांचा असताना त्याने गेटात जायला असा काही विरोध केला की त्याच्यावर शर्यतीची बंदी आली. मालकाने कॅलिफोर्नियातून माँटी रॉबर्ट्स यांना बोलावले. त्यांनी ब्रेमेनमध्ये त्याच्यासोबत काम केले. आधी माणसावर विश्वास, मग अरुंद जागेची सवय, मग गेट, असा तो क्रम होता. बंदी उठली. त्याच हंगामात लोमिटास ग्रोसर प्राइस फॉन बाडेन आणि प्राइस फॉन ऑयरोपा या मोठ्या शर्यती जिंकला. पुढे त्याची मुलगी डेनड्रीम हिने २०११ मध्ये पॅरिसची प्री द लार्क द ट्रियोंफ जिंकली. १९९१ मध्ये त्याला कायमचा ‘बिघडलेला’ ठरवून बाजूला केले असते, तर हे काहीच घडले नसते.

रॉबर्ट्स यांच्या यशाभोवती ‘घोड्यांची भाषा जाणणारा’ असे वलय तयार झाले. वलय बाजूला ठेवून पद्धत पाहणे जास्त उपयोगाचे. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये एक गमतीदार प्रयोग मांडला. बंद रिंगणात माणसाऐवजी रिमोटवर चालणारी खेळण्यातली गाडी घोड्यामागे सोडली. घोडा गाडीकडे वळला की गाडी थांबवायची, एवढाच नियम होता. घोडे गाडीकडे वळायला शिकले. गाडीला ना भाषा, ना देहबोली. शिकवले ते दाब नेमक्या क्षणी सुटण्याने. हा निष्कर्ष रॉबर्ट्स यांचे श्रेय कमी करतो असे वाटेल, पण व्यवहारात तो आशादायक आहे. गेटपाशी चांगले वागण्यासाठी दैवी देणगीची माणसे लागत नाहीत. वेळेचे भान शिकलेला साधा सईसही ते करू शकतो.

सराव कसा करायचा?

हे भान कामात उतरवायचे तर गेटचे एक मोठे काम अनेक छोट्या कामांत तोडावे लागते. पहिल्या दिवसांत पुढची-मागची दोन्ही दारे उघडी ठेवतात आणि एखाद्या अनुभवी, शांत घोड्यामागून नवख्याला चालत पलीकडे नेतात. घोड्याच्या लेखी तो बोगदाही राहत नाही, नुसती वाट होते. मग आत क्षणभर थांबवायचे, मान सैल झाली की पुढे न्यायचे. मग पुढचे दार बंद ठेवून थांबायचे. मग मागचे दार हलकेच लावायचे आणि लगेच उघडायचे. मग शेजारच्या कप्प्यात दुसरा घोडा. मग दारांचा आवाज. मग पुढचे दार उघडल्यावर चालत बाहेर, नंतर दुडक्या चालीने, आणि सर्वांत शेवटी झेप. प्रत्येक पायरीवर घोडा निवांत दिसेपर्यंत पुढची चढायची नाही. गडबडला तर एक पायरी खाली यायचे. आणि बऱ्याचदा आत नेऊन झेप न घेताच बाहेर काढायचे, म्हणजे गेट दिसले की धावायचेच आहे ही धास्ती तयार होत नाही.

बक्षिसाचा उपयोग करावा का, यावर घोडेवाल्यांत दुमत आहे. खाऊ दिला की घोडा चावरा होतो, असे म्हटले जाते. टेक्सासमधल्या फर्ग्युसन आणि रोझालेस-रुइझ यांचा २००१ चा अभ्यास याबाबत पाहण्यासारखा आहे. वाहनात चढायला जोरदार विरोध करणाऱ्या पाच घोड्यांना त्यांनी एका ठरावीक वस्तूला नाक लावायला शिकवले. नाक लावले की बक्षीस. मग ती वस्तू थोडी थोडी वाहनाच्या आत सरकवत नेली. घोडे स्वतःहून चढू लागले आणि उधळणे, मागे ओढणे हे प्रकार वेगळी शिक्षा न करताच थांबले. वाहन आणि गेट यांतली भीती सारखीच आहे. अरुंद, अंधारी, मागून बंद होणारी जागा. खाऊ नेमक्या कृतीनंतर दिला तर तो शिकवतो, कधीही हातातून दिला तर लाड होतात. दोष खाऊचा नाही, बेताल देण्याचा आहे.

भारतातही ‘गेट प्रॅक्टिस’ आणि ‘मॉक रेस’ हे शब्द पहाटेच्या सरावाच्या बातम्या वाचणाऱ्यांना नवे नाहीत. म्हणजे चौकट आहेच. प्रश्न त्या वेळात काय शिकवले जाते याचा आहे. गेटातून किती वेगाने सुटला याची नोंद होते. किती शांतपणे आत गेला याचीही तितक्याच आस्थेने व्हायला हवी.

शर्यतीच्या दिवशी

इतके करूनही शर्यतीच्या दिवशी घोडा बिचकू शकतो. तेव्हा मऊपणा म्हणजे वाट पाहत बसणे नव्हे. आधी आत गेलेले घोडे दाटीवाटीत उभे असतात, त्यांच्या अंगावरचा ताण प्रत्येक मिनिटाने वाढतो आणि पाच क्विंटलच्या आसपास वजनाचे एखादे जनावर कप्प्यात उधळले तर जॉकी, कर्मचारी आणि ते स्वतः, तिघांच्या जिवावर बेतते. म्हणून बिचकणाऱ्या घोड्याला शेवटी आत घ्यावे, त्याला ओळखीचा माणूस द्यावा, लागल्यास आवाज कमी करणारी टोपी किंवा पांघरूण वापरावे, आणि अडल्यास ओढाताणीऐवजी एक लहान चक्कर मारून पुन्हा सरळ रेषेत आणावे. डोळ्यांवर पट्टी बांधण्याचा उपाय काही घोड्यांना लागू पडतो. पण गेट उघडताच जॉकीने ती काढली नाही तर घोडा आंधळा धावतो, त्यामुळे तो सरसकट वापरण्याचा उपाय नाही. ठरलेल्या मोजक्या प्रयत्नांनंतर घोड्याला शर्यतीतून काढावे आणि पुन्हा उतरवण्याआधी गेटची चाचणी पास करायला लावावी. अमेरिकेत गेटपाशी अडल्यामुळे स्टार्टरच्या यादीवर गेलेल्या घोड्याला स्टार्टरची मंजुरी मिळेपर्यंत शर्यतीत नाव घालता येत नाही. हा नियम शिक्षेचा वाटतो, पण घोड्याला शिकायला वेळ मिळतो तो त्यामुळेच.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप व्यवहाराचा आहे. मालकाचा पैसा, लोकांच्या पैजा, शर्यतींचे वेळापत्रक, एवढे सगळे एका घोड्यासाठी थांबवायचे का? थांबवू नये, हेच वरच्या युक्तिवादाचेही उत्तर आहे. धीर लागतो तो आधीच्या आठवड्यांत. शर्यतीच्या दिवशी झटपट निर्णय हवा आणि काढून घेणे हा त्यातला एक सन्मान्य निर्णय मानला पाहिजे. जोर लावून वाचवलेली दोन मिनिटे पुढच्या प्रत्येक शर्यतीत व्याजासह परत द्यावी लागतात.

दुसरा आक्षेप अनुभवाचा. वर्षानुवर्षे घोडे असेच आत घातले गेले आणि बहुतेक धावलेच ना? धावले खरे, पण यात आपण फक्त टिकलेले घोडे मोजतो. जे गेटला कायमचे बिथरले, जे जखमी झाले, ज्यांची कारकीर्द दोन-तीन शर्यतींत संपली, ते या हिशेबात येतच नाहीत. शिवाय आत गेलेला प्रत्येक घोडा शांत होता असेही नाही. वरून स्तब्ध आणि आतून घाबरलेला घोडा उशिरा सुटतो आणि हरतो, मग दोष जॉकीच्या माथी जातो.

तिसरा आक्षेप सर्वांत टोकदार आहे. शर्यतीच मुळात घोड्याच्या मर्जीविरुद्ध आहेत, मग गेटपाशी गोड वागण्याचे नाटक कशाला? शर्यती असाव्यात की नसाव्यात, हा वाद मोठा आहे आणि तो व्हायलाच हवा. पण येत्या रविवारी गेटपाशी उभ्या राहणाऱ्या घोड्याला त्या वादाच्या निकालापर्यंत थांबता येणार नाही. भारतातला प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० पासून अनावश्यक वेदना देण्यास मनाई करतो, ती त्या घोड्यालाही लागू आहे. उलट हा आक्षेप एका गोष्टीकडे योग्य बोट दाखवतो. दुखणे तपासून, धीराने शिकवूनही जो घोडा पुन्हा पुन्हा नकार देतो, त्याचा नकार हीच माहिती मानावी आणि त्याला दुसरे काम द्यावे. सौम्य पद्धत म्हणजे घोड्याला कसेही करून पटवण्याची युक्ती ठरली, तर ती जोराचेच गुळगुळीत रूप होईल.

थोडक्यात

• घोडा गेटपाशी अडतो त्यामागे बहुधा भीती, दुखणे किंवा आधीचा वाईट अनुभव असतो.
• समोर आणि मागे न दिसणारी जागा, अंगाला होणारा स्पर्श, आवाज आणि माणसांचा ताण हे भीतीचे मुख्य स्रोत.
• घोडा दाबाने शिकत नाही, दाब सुटण्याच्या क्षणाने शिकतो. चुकीच्या क्षणी सोडले तर चुकीचे शिकतो.
• लहान पायऱ्यांनी लावलेली सवय एकदम केलेल्या सक्तीपेक्षा लवकर आणि पक्की लागते.
• शर्यतीच्या दिवशी मोजके प्रयत्न, मग माघार आणि पुन्हा सराव.

कसोटी कोणती?

शर्यतीच्या जगात मोजमापाला फार मान आहे. अंतर मीटरमध्ये, वेळ सेकंदाच्या अंशांत, वजन अर्ध्या किलोपर्यंत मोजले जाते. गेटपाशी मात्र ‘आत गेला’ किंवा ‘गेला नाही’ एवढीच नोंद पुरेशी मानली जाते. खरे तर इथेही मोजण्यासारखे बरेच आहे. घोड्याला आत जायला किती वेळ लागला, किती माणसे लागली, कोणते साधन वापरले आणि पुढच्या खेपेस हे आकडे वाढले की घटले? प्रत्येक घोड्याची अशी नोंद ट्रेनर, स्टार्टर आणि पशुवैद्य यांच्यासमोर राहिली, तर सौम्य वागणूक ही दयाळू माणसाच्या मर्जीची बाब राहणार नाही, कामाच्या दर्जाची बाब होईल. ज्या घोड्यासाठी पहिल्या खेपेला सहा माणसे लागली आणि चौथ्या खेपेला एक पुरला, त्याला नीट शिकवले गेले. ज्याच्यासाठी चारावरून आठ झाली, त्याच्याबाबतीत चूक माणसांकडून होते आहे, मग तो त्या दिवशी पहिला आलेला का असेना.